लांडग्यावरचा आळ

साहित्यातले प्राणी माणसाच्या सोयीने बोलतात. सिंहाला राजेपण माणसाने दिले, कोल्ह्याला लबाडी माणसाने दिली आणि लांडग्याच्या वाट्याला क्रौर्य आले तेही माणसाच्याच हातून. एखाद्या समाजाने कोणत्या प्राण्याला ध्वजावर बसवले आणि कोणाला शिवीत घातले, हे पाहिले की त्या समाजाच्या मनाचा बराचसा पत्ता लागतो. या लेखात आम्ही लांडगा या एकाच प्रतीकाचा विचार करणार आहोत. हा प्राणी मराठीत आहे, उर्दू-फारसीत आहे आणि कुरआनातही आहे. मराठी बोलणारे, उर्दू जाणणारे आणि कुरआनचे पठण करणारे आपण या तिन्ही ठिकाणचे वारस आहोत. तेव्हा या तीन लांडग्यांची एकमेकांशी गाठ घालून देण्याचे काम आपल्याखेरीज दुसरे कोण करणार?

आम्ही राहतो मुळशीतल्या बावधनला आणि शिकवतो उर्दू माध्यमाच्या शाळेत. आमच्या विद्यार्थ्याला हा प्राणी मराठीच्या तासाला 'लांडगा' म्हणून भेटतो, उर्दूच्या तासाला 'भेडिया' म्हणून, वाक्प्रचारात 'गुर्ग' म्हणून आणि मकतबात 'ज़िब' म्हणून. नावे चार, पण स्वभाव बहुतेक ठिकाणी एकच. चारचौघांनी मिळून एखाद्याला ओरबाडले की मराठीत ती 'लांडगेतोड'. उर्दूत अनेक पावसाळे अंगावर घेतलेला मुरलेला माणूस 'गुर्गे-बाराँदीदा' आणि पोटात कपट ठेवून केलेला समेट 'गुर्ग-आश्ती'. भाषेने लांडग्याच्या पदरात चांगला शब्द जवळजवळ टाकलेलाच नाही. त्यात आपल्यापुरती आणखी एक अडचण आहे. मुसलमानासाठी मराठीत वापरली जाणारी एक शिवी उच्चाराने या प्राण्याच्या नावाला अगदी खेटून उभी आहे. मुले ती मैदानावर ऐकून आलेली असतात. धड्यात 'लांडगा' आला की मागच्या बाकांवर कुजबुज होते आणि शिक्षकाला क्षणभर थांबावे लागते. या प्रतीकाचा विचार आम्हाला निव्वळ हौसेचा वाटत नाही, त्याचे कारण हे आहे.

प्रथम ध्वजावरचा लांडगा पाहू. जगात त्याला मान मिळालेला नाही असे मुळीच नाही. रोम नगरीच्या दंतकथेत रोम्युलस आणि रेमस या जुळ्या भावांना लांडगीने दूध पाजले, आणि आजही ती लांडगी त्या शहराची खूण आहे. जर्मनीतल्या पासाऊ शहराच्या चिन्हावर तांबडा लांडगा आहे. प्राचीन तुर्कांच्या उत्पत्तिकथेत कत्तलीतून वाचलेल्या एकुलत्या एका मुलाला लांडगीने सांभाळले आणि तिच्यापासून पुढचा वंश वाढला. ही कथा तुर्क मुसलमान होण्याच्या आधीची. तरीही प्रजासत्ताक तुर्कस्तानने १९२७ साली आपल्या पहिल्या नोटा काढल्या तेव्हा त्यांतल्या काहींवर करडा लांडगा छापला. १९९१ नंतर स्वातंत्र्य पुकारणाऱ्या चेचेन लोकांनीही आपल्या राजचिन्हात लांडगाच बसवला.

पण ध्वजावर चढलेला प्राणी सर्वांना सारखा दिसत नाही. २ जुलै २०२४ रोजी युरोपीय फुटबॉल स्पर्धेत तुर्कस्तानच्या मेरिह देमिरालने ऑस्ट्रियाविरुद्ध दोन गोल केले आणि आनंदाच्या भरात बोटांनी लांडग्याची खूण केली. त्याच्यावर दोन सामन्यांची बंदी आली. त्याचे म्हणणे, ही आमच्या तुर्कपणाची खूण. आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे, ही तुर्कस्तानातल्या कडव्या राष्ट्रवादी संघटनेची खूण, जिच्या हिंसेची झळ कुर्दांना आणि अलेवींना लागली आहे. कुर्द आणि अलेवी हेही मुसलमान समाजांतलेच लोक, हे येथे लक्षात ठेवले पाहिजे. तुर्की मालिका उर्दूत आल्या आणि आमच्या कित्येक विद्यार्थ्यांच्या मोबाइलवर बर्फात उभा राहून आभाळाकडे तोंड केलेला लांडगा दिसू लागला. त्या मुलांचा राग आम्हाला करता येत नाही. ज्याला सतत खाली बघायला लावले जाते त्याला मान वर केलेला प्राणी आवडणारच. मात्र तो लांडगा मध्य आशियाच्या गवताळ मुलखातला आहे. आपल्या मातीतल्या लांडग्याची कथा वेगळी आहे.

महाराष्ट्राच्या राजचिन्हांत लांडगा सापडत नाही. आपल्या किल्ल्यांच्या दरवाजांवर दिसतो तो शरभ, म्हणजे सिंहासारखा एक काल्पनिक पशू. कुठे त्याच्या पंजात हत्ती आहे, कुठे शेपटीच्या वेढ्यात. सिद्दींच्या जंजिऱ्याच्या मुख्य दरवाजापाशीही हत्तींना पंजांत धरलेला असा पशू कोरलेला आहे. दक्षिणेत टिपू सुलतानाने वाघ निवडला; त्याची शस्त्रे, आसन, सैनिकांचे कपडे या सर्वांवर वाघ किंवा वाघाचे पट्टे होते. सुलतान असो वा राजा, हिंदू असो वा मुसलमान, येथे सत्तेला सिंह आणि वाघ हवे होते. यात नवल नाही. शरभ कोणी पाहिलेला नसतो, त्यामुळे त्याचे भय अमर्याद वाढवता येते. लांडगा मात्र लोकांच्या रोजच्या ओळखीचा. सासवड, सुपे, इंदापूर, पलीकडे सोलापूर, नगर अशा कोरड्या माळांवर तो मेंढपाळांच्या मागेमागे राहत आला. त्याच्याशी भांडण आहे तसा शेजारही आहे. तिकडचे कित्येक धनगर वर्षातून कळपातले एखादे कोकरू हा त्याचा वाटाच समजतात. मराठीत 'लांडगे' हे आडनाव आहे आणि ते लावणाऱ्यांना त्यात कमीपणा वाटत नाही. दरवाजावर जागा न मिळालेला हा प्राणी माळावरच्या माणसाच्या जगण्यात मात्र होता.

मग मराठी मुलाच्या मनातला दुष्ट लांडगा आला कुठून? आमच्या मते तो बराचसा पाठ्यपुस्तकांतून आला. सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी १८२८ साली इसापाच्या गोष्टी मराठीत आणल्या आणि तेव्हापासून शाळेची पायरी चढणाऱ्या प्रत्येक पिढीने ओढ्यावरचा लांडगा आणि कोकरू पाहिले आहे. वरच्या बाजूला पाणी पिणारा लांडगा खालच्या कोकराला म्हणतो, तू पाणी गढूळ केलेस. कोकरू ते शक्य नसल्याचे दाखवून देते. मग आरोप बदलतो, आणि शेवटी आरोपाचीही गरज उरत नाही. ही गोष्ट फार मोलाची आहे, कारण आरोप आधी ठरतो आणि कारण मागाहून शोधले जाते, हे ती मुलाला शिकवते. पण तिच्यात आरोप करणारा लांडगा आहे, एवढे वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे ही जागा उलटणार आहे.

दुसरी गोष्ट 'लांडगा आला रे आला'. ती आपण खोटे बोलू नये म्हणून शिकवतो. परंतु नीट पाहिले तर तिच्यात दोनदा लांडगा नसतानाच त्याचे नाव वापरले जाते आणि त्या नावावर सारा गाव हातात काठ्या घेऊन धावतो. नुसते नाव पुरते. ही नावाची ताकद इसापाने ओळखली होती. आपले गुरुजी मात्र मुलाच्या खोटेपणापाशी थांबले.

उर्दू-फारसी परंपरेकडे वळलो की पहिले नाव शेख सादींचे घ्यावे लागते. १२५८ साली पूर्ण झालेली त्यांची 'गुलिस्ताँ' दख्खनच्या मकतबांतूनही पिढ्यान्‌पिढ्या शिकवली गेली. तिच्या पहिल्या प्रकरणात एका दरोडेखोरांच्या टोळीची हकिकत आहे. टोळी पकडली जाते, राजा सर्वांना मारण्याचा हुकूम देतो. त्यांत एक कोवळा मुलगा असतो. वजीर त्याच्यासाठी रदबदली करतो, त्याला घरी नेऊन शिकवतो, वाढवतो. दोन वर्षांनी तोच मुलगा गुंडांशी हातमिळवणी करून वजिराला आणि त्याच्या दोन मुलांना ठार करतो. तात्पर्य असे की, लांडग्याचे पिल्लू माणसांत वाढले तरी शेवटी लांडगाच होते. या आशयाची ओळ उर्दूत म्हणीसारखी रूढ झाली आहे.

सादींच्या थोरवीला धक्का न लावता आम्ही म्हणू की ही म्हण शिक्षकाच्या तोंडी शोभत नाही. जन्मावरूनच माणूस ठरत असेल तर शाळा कशासाठी बांधायच्या? आणि ज्यांना जन्मावरून ओळखले जाण्याचा जाच सोसावा लागतो त्यांनीच ही ओळ मिटक्या मारीत म्हणावी, यासारखा विपर्यास नाही. विशेष म्हणजे सादींनी त्याच हकिकतीत दुसरी बाजूही मांडली आहे. वजीर त्या मुलासाठी बोलताना हदीसचा आधार घेतो की प्रत्येक मूल निर्मळ प्रकृतीवर जन्मते, पुढे आईबाप त्याला घडवतात. वाईटांच्या संगतीने पैगंबराच्या घरचे माणूस वाया गेले आणि सज्जनांच्या संगतीने गुहावासीयांचा कुत्रा माणसांत गणला गेला, हेही तोच सांगतो. हकिकतीचा शेवट राजाच्या बाजूने लागतो हे खरे. पण आपण शेवटची ओळ तेवढी पाठ केली आणि वजिराचे म्हणणे विसरलो. मोगलीची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. किपलिंगने १८९४ साली ती सिवनीच्या जंगलात, म्हणजे आपल्या नागपूरच्या शेजारी घडवली. तिथे लांडगे माणसाचे पोर वाढवतात आणि कायदा शिकवतात. सादींच्या म्हणीला तिच्यात आपसूक उत्तर मिळते.

मौलाना रूमींच्या 'मस्नवी'च्या पहिल्या दफ्तरात वेगळाच लांडगा आहे. सिंह, लांडगा आणि कोल्हा शिकारीला जातात. रानबैल, बोकड आणि ससा हाती लागतात. सिंह लांडग्याला वाटणी करायला सांगतो. लांडगा म्हणतो, बैल तुम्हाला, बोकड मला, ससा कोल्ह्याला. वाटणी ज्याच्या त्याच्या आकाराप्रमाणे, सरळ. सिंह त्याचे मुंडके उडवतो. मग कोल्हा तिन्ही शिकारी सिंहालाच देऊन टाकतो आणि ही अक्कल कोठून शिकलास असे विचारल्यावर लांडग्याच्या गतीवरून शिकलो म्हणतो. मौलानांना येथे सत्तेची चर्चा करायची नाही. हकसमोर 'मी' आणि 'माझे' उरता कामा नये, हा त्यांचा सूफी आशय आहे आणि तोच प्रथम धरला पाहिजे. तरीही कथा एकदा सांगितली की ती ऐकणाराचीही होते. दरबारात सरळ हिशेब मांडणाऱ्याची मान जाते आणि पाहून शहाणा झालेला कोल्हा टिकतो, हा अर्थ आपल्या काळातल्या वाचकाला टाळता येणार नाही. लांडगा येथे क्रूर नाही, दुष्टही नाही; तो फक्त 'माझा वाटा' म्हणाला.

आता मुख्य लांडग्याकडे येऊ. कुरआनात लांडग्याचा उल्लेख एकाच सूरहत येतो, सूरह यूसुफमध्ये, आणि तोही तीनदा: तेराव्या, चौदाव्या आणि सतराव्या आयतीत. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की तिन्ही वेळा लांडगा प्रत्यक्षात कुठेच नाही. पहिल्यांदा तो बापाच्या भीतीत आहे: तुम्ही बेसावध असताना लांडगा त्याला खाईल, असे हजरत याकूब (अ.स.) म्हणतात. दुसऱ्यांदा तो भावांच्या बढाईत आहे: आम्ही एवढे जण असताना लांडग्याने खाल्ले तर आम्ही कसले? आणि तिसऱ्यांदा तो त्यांच्या खोट्यात आहे: आम्ही शर्यतीत गुंतलो आणि लांडग्याने यूसुफला खाल्ले. भीती, बढाई आणि बनाव. एका प्राण्याचे नाव या तीन पायऱ्यांनी प्रतीक होते, आणि प्राणी बिचारा माळावर कुठे तरी आपल्या वाटेने चाललेला असतो.

तफसीरकारांनी येथे एक सूक्ष्म गोष्ट टिपली आहे. लांडग्याची सबब भावांना सुचली ती बापाच्याच बोलण्यातून. माणसाने आपली भीती कोणासमोर बोलावी याचा विचार करावा, कारण ज्याच्या मनात कपट आहे तो तीच भीती उचलून सबब म्हणून परत आणतो. दंगलींच्या आणि अफवांच्या दिवसांत जगलेल्या कोणालाही हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

पुढे भाऊ खोटे रक्त लावलेला सदरा घेऊन येतात. हजरत याकूब (अ.स.) ते म्हणणे स्वीकारीत नाहीत, तुमच्या मनाने ही गोष्ट रचली, असे म्हणून सब्र धरतात. तफसीरांत येते की त्यांनी सदरा उलटसुलट पाहिला, तो कुठेच फाटलेला नव्हता, आणि ते उद्गारले की हा लांडगा फारच दयाळू दिसतो, मुलाला खाल्ले पण सदरा फाडला नाही. 'कससुल अंबिया'च्या परंपरेत तर भाऊ एक लांडगा पकडूनच आणतात आणि तो लांडगा बोलू लागतो, पैगंबरांचे मांस आम्हाला निषिद्ध आहे म्हणून सांगतो. ही लोककथा आहे, आयत नव्हे, हा फरक आपण राखला पाहिजे. पण लोकांना आरोपीचे म्हणणे ऐकावेसे वाटले, ही या लोककथेची मोठी थोरवी आहे. फारसीत यातूनच प्रतिमा आली: तोंडाला रक्त माखलेला, पण यूसुफला न फाडलेला लांडगा. ज्याच्यावर आळ आला तो निर्दोष माणूस, असा तिचा अर्थ.

या सूरहत सदरा पुन्हा येतो. अजीजची पत्नी यूसुफ (अ.स.) यांच्यावर आळ घेते तेव्हा तिच्याच घरचा साक्षीदार म्हणतो, सदरा पुढून फाटला असेल तर ती खरी, मागून फाटला असेल तर तो खरा. सदरा मागून फाटलेला निघतो. अखेरीस तिसऱ्यांदा सदरा बापाच्या चेहऱ्यावर टाकला जातो आणि त्याची गेलेली दृष्टी परत येते. पहिल्या वेळी सदरा न फाटल्यामुळे लांडगा सुटतो, दुसऱ्या वेळी फाटल्यामुळे माणूस सुटतो. दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच आहे: पुरावा काय सांगतो? लांडग्याची जात, यूसुफचे परदेशीपण, गुलामी यांपैकी काहीही तेथे विचारले जात नाही.

आमच्या ऐकण्यातल्या बहुतेक वाजांत यूसुफ (अ.स.) यांचे सौंदर्य, विहीर, कैद आणि मिसरचे वैभव येते, लांडगा एका वाक्यात उरकला जातो. आम्हाला वाटते, आजच्या मुस्लिम मराठी लेखकाने तेथेच थांबून पाहावे. मालेगावच्या सप्टेंबर २००६ च्या स्फोटांनंतर अटक झालेल्या मुस्लिम तरुणांना विशेष न्यायालयाने २०१६ साली आरोपमुक्त केले. मधली वर्षे कोणी परत केली? त्या वर्षांत त्यांच्या घरी वाट पाहणाऱ्या बापांची दृष्टी कोणत्या सदऱ्याने परत येणार? सूरह यूसुफ वाचणाऱ्याला हे प्रश्न बाहेरून आणावे लागत नाहीत, ते त्या कथेच्या आतच आहेत.

तथापि एक सावधगिरी हवी. लांडगा या गुन्ह्यात नव्हता, एवढेच सूरह सांगते. लांडगा मेंढी खात नाही असे ती कुठेही म्हणत नाही. हदीसमध्ये मेंढी पळवणारा लांडगाही आहे. बुखारीतल्या त्या प्रसंगात गुराखी मेंढी सोडवून घेतो आणि लांडगा त्याच्याशी बोलतो. तिर्मिजीतल्या दुसऱ्या हदीसमध्ये कळपात सोडलेल्या दोन भुकेल्या लांडग्यांपेक्षाही संपत्तीचा आणि मानमरातबाचा लोभ माणसाच्या दीनला जास्त नासवतो, असा आशय आहे. म्हणजे येथे लांडगा आपल्याच आत आहे. जो लेखक आपल्या समाजाचा प्रत्येक लांडगा निर्दोष ठरवू पाहील, त्याच्या हाती प्रचार उरेल, साहित्य उरणार नाही. घरातल्या बाईचा हक्क मारणारा आपल्यातला असला तरी त्याचाही सदरा पाहिलाच पाहिजे.

खऱ्या प्राण्याबाबतही हेच. २०२४ साली उत्तर प्रदेशातल्या बहराइच जिल्ह्यात लांडग्यांनी लहान मुलांचे बळी घेतले. ते दुःख खरे आहे, त्या आयांपुढे प्रतीकांची चर्चा करणे हा क्रूरपणा ठरेल. पण त्याच दिवसांत लांडगे पिलांच्या मृत्यूचा सूड घेत आहेत अशा कथा बातम्यांतून फिरल्या. भुकेला प्राणी एका रात्रीत खलनायक झाला. शास्त्रज्ञांच्या २०२२ च्या अंदाजाप्रमाणे साऱ्या भारतात हे लांडगे तीन हजारांच्या आसपास उरले आहेत, म्हणजे वाघांपेक्षाही कमी. त्यांचे माळ सरकारी कागदांवर 'पडीक' म्हणून नोंदले जातात आणि मोकळी जागा म्हणून वाटले जातात. आधी नाव पडते, मग जमीन जाते.

बावधनच्या टेकड्यांवर लांडगा आम्ही पाहिला नाही. तो पूर्वेच्या माळांवरचा. पण 'आला रे आला' आम्ही ऐकले आहे. ९ डिसेंबर २०२० रोजी कोथरूडच्या वस्तीत एक गवा शिरला. बघ्यांची गर्दी, आरडाओरडा, धावाधाव झाली आणि दिवस संपण्याआधी तो मेला. दोन आठवड्यांच्या आत, २२ डिसेंबरला, दुसरा गवा आमच्या बावधनला दिसला. या वेळी गर्दीला आवर घातला गेला, वाट मोकळी ठेवली गेली आणि तो रानात परत गेला. प्राणी तोच, शहर तेच, लोकही तेच. फरक पडला तो ओरडण्यात.

साहित्याकडून आमची अपेक्षा याच फरकाची आहे. अपमानाला उत्तर म्हणून छातीवर परका लांडगा गोंदवून घेणे सोपे आहे. त्याने आळ पुसला जात नाही, उलट आळ घेणाऱ्याचेच म्हणणे खरे केल्यासारखे होते. 'आम्ही कोकरे आहोत' म्हणून सदैव रडत राहणे हाही मार्ग नव्हे. सूरह यूसुफने तिसरी वाट दाखवली आहे: सदरा हातात घ्यावा, उजेडात धरावा, फाटला आहे की नाही ते पाहावे आणि जे दिसेल ते सांगावे, मग ते आपल्या सोयीचे असो वा नसो.

आमच्या शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एवढीच विनंती की 'लांडगा आला रे आला' शिकवताना मुलांना आणखी एक प्रश्न जरूर विचारावा: गावकरी धावत आले, तेव्हा पहिल्या दोन वेळा लांडगा कुठे होता? आणि त्याच आठवड्यात सूरह यूसुफची हकिकतही त्यांना सांगावी. मागच्या बाकांवरची कुजबुज थांबेल असे आम्ही म्हणत नाही. पण ज्या मुलाकडे बघून ती होते, त्याच्या हाती एक प्रश्न तरी येईल.